वाट नसलेल्या डोंगरात एक दिवस: डेथ व्हॅलीहून साखळीपर्यंत

व्हाळकाठ (साखळी)

नाताळच्या सुट्टीत भाच्याकडे लास व्हेगसला गेलो होतो. लोक तिथे ज्यासाठी जातात त्यासाठी गेलो नाही, हे आधीच सांगतो. कॅसिनो बघायचेच असते तर पणजीच्या जेटीवर उभे राहिले की पुरते. भाचा आठवड्याचे पाच दिवस संगणकासमोर आणि उरलेले दोन दिवस डोंगरात असतो. तो म्हणाला, "मामा, गाडीने अडीच तासांवर वाळवंट आहे. एक दिवस काढ. पण वाट नसेल हां."

वाट नसेल म्हणजे काय, ते मला तेव्हा नीट कळले नव्हते. आपण सत्तरी तालुक्यातल्या रानात फिरणारी माणसे. आपल्याकडे "वाट नाही" म्हणजे गुरांची वाट असते, लाकूडफाट्याची असते, निदान रानडुकराची तरी असतेच. तिथे तसलेही काही नाही. सगळा डोंगर उघडा, कुठूनही चढा. वाट नाही म्हणजे अडवणारे काही नाही, आणि दाखवणारेही काही नाही.

डेथ व्हॅली नॅशनल पार्क हे आपल्या अख्ख्या गोव्याच्या साडेतीन पटींहून मोठे आहे. १९९४ मध्ये त्याला नॅशनल पार्कचा दर्जा मिळाला. इतक्या मोठ्या मुलखात आखून दिलेल्या पायवाटा अगदी मोजक्या. बाकी ज्याने त्याने नकाशा बघून जायचे, आणि तसे जायला परवानगी आहे. आम्ही निवडली फ्यूनरल माउंटन्समधली एक धार. तिच्यावर दोन शिखरे. नकाशावर नाव नाही, नुसते उंचीचे आकडे. रात्री आईला फोनवर नावे सांगितली: फर्नेस क्रीक, हेल्स गेट, कॉफिन पीक, फ्यूनरल माउंटन्स. ती म्हणाली, "तुका दुसरें कितें मेळ्ळें ना?"

पहाटे निघालो, उजाडता उजाडता गाडी रस्त्याकडेला लावली. थंडी इतकी की बोटे वळेनात. प्रत्येकी चार लिटर पाणी. मी म्हटले, डिसेंबरात एवढे कशाला? भाचा काही बोलला नाही, त्याने नुसती माझी सॅक उचलून बाटल्या आत कोंबल्या.

समोर डोंगराचा पायथा दिसत होता. मी मनात म्हटले, अर्धा तास. दीड तास लागला. आपण अंतर कशावर मोजतो हे त्या दिवशी कळले. माड दिसला की कळते तो किती दूर आहे, घर दिसले की कळते, म्हैस दिसली की कळते. तिथे माणसाच्या उंचीचे काहीच नाही. हवा कोरडी आणि स्वच्छ, धुके नाही, धूळ नाही. दहा किलोमीटरवरची घळ हाताच्या अंतरावर असल्यासारखी दिसते. गुडघ्याएवढी क्रिओसोटची झुडपे, तीही एकमेकांपासून फटकून उभी. आणि पायथ्यापर्यंतची ती जमीन दुरून सपाट वाटते, पण तिच्यात शेकडो कोरडे चर. उतरा, चढा, उतरा, चढा.

घळीतून वर, मग उजवीकडच्या सोंडेवर, मग धारेवर. वरचा दगड सगळा सुटा. तीन पावले वर, एक खाली. पहिले शिखर साडेअकराला. वरून खाली पांढरे मिठाचे पठार, पलीकडे बर्फ घातलेले टेलिस्कोप शिखर, ३३६८ मीटर. आणि त्या मिठाच्या पठारातला बॅडवॉटर हा सखल भाग समुद्रसपाटीखाली ८६ मीटर. एका नजरेत एवढा चढउतार मी कधी पाहिला नव्हता. मिठाचा तो पांढरा पट्टा पाहून मला मात्र रायबंदरच्या मिठागरांची आठवण झाली, काय करणार.

आमचे ठरले होते की साडेबारा वाजले की जिथे असू तिथून मागे. दुसरे शिखर समोर, "वीस मिनिटांवर". एक वाजून दहा मिनिटांनी आम्ही त्याच्यावर होतो. इथपर्यंत सगळे छान.

उतरताना भाच्याने नकाशात दाखवले की आलेल्या धारेने परत जाण्याऐवजी पूर्वेच्या घळीने सरळ उतरलो तर दीड किलोमीटर वाचतो. मीही हो म्हटले. व्हाळाच्या कडेने उतरत गेले की गाव लागतो, हे आमच्या रक्तात. घळ सुंदर होती, दोन्ही बाजूंनी भिंती, खाली बारीक खडी, चालायला मऊ. मग तीन मीटरची एक पायरी आली, गुळगुळीत. बसून घसरत उतरलो. पंधरा मिनिटे पुढे गेलो आणि घळच संपली. म्हणजे पुढे हवा होती. खाली बारा मीटर तरी सरळ कडा. पावसात तिथून धबधबा पडत असणार. पण पाऊस पडणार कधी!

मागे फिरलो. आणि ती तीन मीटरची पायरी, जी खाली येताना गंमत वाटली होती, ती वर चढता येईना. धरायला काहीच नाही. दोर नाही. भाचा माझ्या खांद्यावर उभा राहिला तरी वर हाताला पकड मिळत नव्हती. शेवटी आम्ही दगड गोळा करून लगोरी रचायला घेतली. खालून सपाट दगड आणायचे, बसवायचे, हलवून बघायचे. चाळीस मिनिटे. लहानपणी रचलेल्या सगळ्या लगोऱ्या त्या दिवशी कामी आल्या. तो वर गेला, मग सॅकच्या पट्ट्याला धरून मी. वर पोचल्यावर आम्ही ती लगोरी लांबलचक काठीने... काठी कुठली तिथे? पायाने ढकलून पाडली, कारण दुसऱ्या कोणाला ती वाट वाटायला नको.

तोपर्यंत सव्वातीन झाले होते. आणि मी गोव्याच्या हिशेबाने म्हणत होतो, सहापर्यंत उजेड आहे. तिथे डिसेंबरअखेर सूर्य साडेचारच्या सुमाराला जातो. गाडीपाशी पोचलो तेव्हा पावणेसात. माझ्याकडे अर्धा लिटर पाणी उरले होते, भाच्याकडे तेवढेही नाही.

फोटो नंतर टाकतो. प्रश्न असतील तर विचारा, शिव्या असतील तर त्याही द्या.

---

मेधा_मडगाव

शिव्यांनी सुरुवात करते. मागे फिरायची वेळ तुम्हीच ठरवली, तुम्हीच मोडली. "वीस मिनिटांवर" हे शब्द ज्याने शोधून काढले त्याला त्या घळीत नेऊन सोडायला हवा. वय छप्पन्न ना तुमचे? वहिनींना ही लगोरी माहीत आहे का?

बाकी लिहिले छान आहे, ते वेगळे.

---

व्हाळकाठ

मेधाताई, वहिनी हा धागा वाचत नाहीत. कृपया तसेच राहू द्या.

---

मस्कतवाला (म्हापसा)

अठरा वर्षे ओमानमध्ये काढली, म्हणून हक्काने बोलतो. भाई, तुमची चूक दुसऱ्या शिखराची नाही. तेवढा उशीर माणूस भरून काढतो. चूक ती तीन मीटरची पायरी घसरत उतरलात ती. वाडीत, म्हणजे तुम्ही ज्याला घळ म्हणता त्यात, आमचा एकच नियम होता: जे परत चढता येणार नाही ते उतरायचे नाही. दोन पायऱ्यांच्या मध्ये अडकलेला माणूस ना वर ना खाली. तुमच्या भाच्याचे वय आणि खांदे नसते तर?

आणि चढणे-उतरणे हे दोन वेगळे खेळ आहेत. चढताना सगळ्या सोंडा एकाच शिखराला जाऊन मिळतात, कुठूनही चढा, वर पोचाल. उतरताना तीच धार फुटत जाते, दर शंभर मीटरवर फाटा. चुकीच्या फाट्याने उतरलात की पलीकडच्याच खोऱ्यात. म्हणून चढताना दर थोड्या वेळाने मागे वळून बघायचे. डोंगर परत येताना वेगळा दिसतो. आम्ही फोनवर मागचेच फोटो काढायचो, पुढचे नाही.

अजून एक. वाडीत आकाश निळे असताना पाणी येते. पाऊस चाळीस किलोमीटरवर पडलेला असतो. २००७ च्या गोनू वादळात मस्कतच्या वाड्या काय झाल्या ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. रस्ते गेले, गाड्या गेल्या. वाळवंटात माणसे तहानेने मरतात हे सगळ्यांना माहीत असते, बुडून मरतात हे तिथे राहिल्याशिवाय पटत नाही.

---

चिरेखाण (डिचोली)

मस्कतवाल्यांच्या पाण्याच्या मुद्द्याला जोडून. डेथ व्हॅलीत वर्षाचा पाऊस जेमतेम पाच सेंटिमीटर. आपल्याकडे तीनशेच्या आसपास. पण २० ऑगस्ट २०२३ ला हिलरी वादळाच्या वेळी फर्नेस क्रीकला एका दिवसात साडेपाच सेंटिमीटर पडला. म्हणजे वर्षभराचा कोटा एका दिवसात. रस्ते वाहून गेले, पार्क दोन महिने बंद ठेवावे लागले, आणि बॅडवॉटरच्या मिठावर चक्क तळे साचले. आपल्याकडे एवढा पाऊस पडला तर शाळेला सुट्टीसुद्धा मिळत नाही.

फरक मातीचा आहे. आपल्या डोंगराला रान आहे, पालापाचोळा आहे, पाणी धरणारा थर आहे. तिथे उघडा खडक. पडलेला प्रत्येक थेंब धावत सुटतो. पायथ्याशी तुम्हाला जो दीड तास लागला ते मैदान नव्हे, तो पंखा आहे: घळीतून पुराने आणलेला गाळ-गोटा तोंडापाशी पसरून झालेला. म्हणून तो दुरून सपाट आणि जवळून चरांनी फाटलेला. प्रत्येक चर एकेका पुराचा.

खाणीत आयुष्य गेले, त्यामुळे एक विचारतो. तिथल्या जुन्या दगडांवर काळपट तपकिरी चकाकी होती का?

---

व्हाळकाठ

होती! पंख्याच्या वरच्या भागातले गोटे तेल पुसल्यासारखे काळे. खाली चराच्या तळातले मात्र फिके.

---

चिरेखाण

बरोबर. ते डेझर्ट व्हार्निश. लोह आणि मँगनीजची ऑक्साइडे आणि चिकणमाती यांचा कागदाहून पातळ थर. धूळ आणि दवाचा ओलावा यांनी हजारो वर्षांत चढत जातो. दगड हलला, उलटला, की ते काम थांबते. म्हणून काळा गोटा म्हणजे जुनी, न हललेली जमीन. फिका गोटा म्हणजे अलीकडचा पूर. वाट नसलेल्या मुलखात हीच पाटी समजा: तंबू, सॅक, डुलकी, जे काही असेल ते काळ्या दगडांवर.

मजा बघा, लोह आणि मँगनीज म्हणजे आमच्याच घरचे. आपल्या सड्यावरचा, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळाच्या पठारावरचा, जांभा हा उलट रीतीने झालेला. तिथे पाणी नाही म्हणून थर वरून चढला, इथे पाणी इतके की सिलिका धुऊन गेली आणि लोह-अ‍ॅल्युमिनियम मागे उरले. ज्यांनी एप्रिलमध्ये दुपारी बाराला सड्यावर उभे राहून पाहिले आहे त्यांना डेथ व्हॅलीचे कौतुक मी सांगणार नाही.

---

पावसाळी_बेडूक

काका, पण १० जुलै १९१३ ला तिथे ५६.७ अंश नोंदले होते ना? सड्याचे कौतुक जरा आवरा 🙂

---

चिरेखाण

आवरले.

---

कारवी (वाळपई)

मला नकाशाचे विचारायचे आहे. घळीच्या टोकाला बारा मीटरचा कडा होता तर तो नकाशात कसा दिसला नाही? भाचा तर जाणकार दिसतो.

---

व्हाळकाठ

कारवी, हाच प्रश्न मी त्याला परतीच्या गाडीत विचारला. आमच्या नकाशावर समोच्च रेषांमधला, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांमधला, फरक ४० फुटांचा होता. ४० फूट म्हणजे बारा मीटर. बारा मीटरचा सरळ कडा त्या दोन रेषांच्या मध्ये बसतो आणि नकाशावर नुसता तीव्र उतार दिसतो. त्यातून तिथले आकडे फुटांत, मी मनात मीटर धरून चाललेला. दोन वेळा मी "फक्त ३०० उरले" म्हणून खूश झालो. ते फूट निघाले, म्हणजे खरे तर आनंदाचीच बातमी, पण मग उलट्या बाजूनेही तशीच चूक झाली.

---

खलाशी_वास्को

होकायंत्र वापरले का? जहाजावर होतो म्हणून विचारतो. गोव्यात चुंबकीय उत्तर आणि खरे उत्तर यांत जेमतेम अंशाचा फरक. आपण तो धरतच नाही. तिथे तो अकरा-बारा अंशांचा आहे, पूर्वेकडे. बारा अंश म्हणजे एक किलोमीटर चाललात की दोनशे मीटर बाजूला. इथे शिकलेला माणूस तिथे नेमका यात फसतो.

आणि अंधारात गाडी कशी सापडली?

---

व्हाळकाठ

फोनवर गाडीची जागा टिपलेली होती, पण थंडीने भाच्याच्या फोनची बॅटरी बसली. माझ्यात दहा टक्के. तेव्हा त्याने जे केले ते मला फार आवडले. आम्ही गाडीच्या रोखाने चाललोच नाही. मुद्दाम बरेच डावीकडे रोख धरून उतरलो. रस्ता हा लांब, आडवा, तो चुकणे शक्य नाही. पण सरळ गाडीकडे गेलो असतो आणि रस्त्यावर गाडी दिसली नसती, तर डावीकडे जायचे की उजवीकडे? आता शंका नव्हती. डांबर लागले की उजवीकडे वळायचे. वीस मिनिटांत गाडी.

होकायंत्राचे अंश त्याने आधीच लावून ठेवले होते. मी विचारले, "हे काय फिरवतोस?" तर म्हणाला, "मामा, नंतर सांगतो." नंतर आता तुम्ही सांगितलेत.

---

बाबल_काणकोण

उपग्रहावरून निरोप पाठवायचे यंत्र नव्हते का? हल्ली सगळे नेतात.

---

व्हाळकाठ

होते. गाडीत. हा भाग मी मूळ लेखात शिताफीने गाळला होता.

---

मेधा_मडगाव

🙏

---

खलाशी_वास्को

त्या यंत्रावरून एक महत्त्वाचे. तिकडे विकत घेतलेत, आवडले, तरी येताना बॅगेत घालून आणू नका. आपल्याकडे सॅटेलाइट फोन आणि असली निरोपाची यंत्रे दूरसंचार खात्याच्या परवानगीशिवाय बाळगता येत नाहीत. गोव्याच्या विमानतळावर परदेशी प्रवाशांना याच कारणाने अडवल्याच्या बातम्या वाचल्या असतील. ते बिचारे डोंगरात जीव वाचवायला घेतलेले यंत्र घेऊन आले आणि पोलीस स्टेशनात बसले. आपला माणूस असला म्हणून सुटत नाही.

---

जोशुआ_रिटर्न (पर्वरी)

उशिरा आले. मुलगी सॅन डिएगोला असते, दोन वेळा जोशुआ ट्री नॅशनल पार्कला गेले आहे. तिथला चोया निवडुंग कोणी सांगितला नाही अजून. नुसता स्पर्श झाला की अख्खा तुकडा सुटून अंगाला चिकटतो, काट्यांना उलटे दाते. हाताने काढायला जाल तर हाताला. उपाय म्हणजे केसांचा कंगवा! कंगवा त्यात घालायचा आणि झटक्यात उडवायचा. मुलीच्या सॅकमध्ये कंगवा बघून मला वाटले, पोरगी डोंगरातसुद्धा नटते.

उरलेले काटे चिमट्याने. आणि हो, शिखरावर डबा मिळाला का? आम्हाला एका ठिकाणी दगडाखाली पत्र्याचा डबा मिळाला, आत वही आणि पेन्सिल. वर आलेल्यांनी नाव-तारीख लिहायची. सिएरा क्लबचा डेझर्ट पीक्स नावाचा गट आहे, त्यांची अशा शंभराच्या आसपास शिखरांची यादी आहे, लोक वर्षानुवर्षे ती पुरी करत बसतात. आमच्या आधीची नोंद चार महिन्यांपूर्वीची होती. शिखरावर चार महिने कोणी नाही, हे कळसूबाईच्या रांगेत उभे राहिलेल्याला सांगून पटेल का?

---

व्हाळकाठ

पहिल्यावर नव्हता. दुसऱ्यावर होता, खरे तर त्या डब्यासाठीच गेलो. (मेधाताई, माहीत आहे.) काचेची बरणी होती, आत भिजून वाळलेली वही. भाच्याने दोघांची नावे लिहिली. मी पुढे देवनागरीत "साखळी, गोंय" लिहिले.

---

सत्तरीचो

सगळे वाचले. बरे वाटले. पण एक गोष्ट मनात येते ती बोलतो, राग मानू नका. तिथे वाट सोडून फिरायला मुभा आहे हे वाचून उद्या इथे कोणी म्हादईच्या अभयारण्यात वाट सोडून घुसेल. १९९९ मध्ये अभयारण्य झाले, २०८ चौरस किलोमीटर. वनखात्याची परवानगी लागते, आणि माहितगार माणूस बरोबर लागतो. २०२३ च्या मार्चमध्ये याच रानात आगी लागल्या, कित्येक दिवस धूर होता. आमच्या घरातली माणसे झाडाच्या फांद्या घेऊन विझवायला गेली होती. सुक्या गवतातून चालणाऱ्याची एक बिडी पुरते.

आणि दुसरे. तिथे पाऊल कुठेही टाका म्हणता, पण तसे नसणार. सड्यावर पावसाळ्यात जी इवलीशी फुले येतात ती जमिनीच्या बोटभर थरात. तो थर बुटाखाली गेला की गेला. वाळवंटातही काहीतरी तसे असेलच ना?

---

चिरेखाण

आहे, आणि अगदी बरोबर बोललात बाब. काही वाळवंटी जमिनींवर शेवाळ, दगडफूल आणि सूक्ष्मजीव मिळून एक काळपट, खरबरीत पापुद्रा धरतात. मातीला धरून ठेवणारा तोच. एका पावलाने मोडतो, भरून यायला कित्येक वर्षे जातात. म्हणून तिथले जाणते लोक कोरड्या घळीच्या तळातून नाहीतर खडकावरून चालतात. पापुद्रा ओलांडणे टळतच नसेल तर एकाच्या पावलावर दुसरा पाऊल ठेवतो, पण पापुद्रा नसेल तिथे दहा जण असले तरी एकामागोमाग एक जात नाहीत, पांगून चालतात. आपल्या रानात शिकवतात त्याच्या नेमके उलटे. आपल्याकडे एकाच वाटेने जा, तिथे वाट पडू देऊ नका.

---

मस्कतवाला

ही पांगून चालायची गोष्ट मला अठरा वर्षांत कोणी सांगितली नव्हती. आम्ही बकऱ्यांच्या वाटेने जायचो. ओमानच्या डोंगरात बकरी सगळ्यात आधी पोचलेली असते.

---

कारवी

भाऊ, बूट कसले होते? आणि गुडघे?

---

व्हाळकाठ

बूट घोट्यापर्यंतचे, तळ कडक. सुट्या दगडांवर मऊ तळाचे बूट घातले असते तर दुसऱ्या दिवशी पाय दिसले नसते. धारदार खडकाने डाव्या बुटाची कड कापली गेली, साखळीच्या चांभाराने शिवून दिली, विचारले, "खंय गेल्लो?" मी म्हटले नरकाच्या दारात. त्याने वर बघितलेही नाही.

गुडघ्यांबद्दल वेगळा धागा काढावा लागेल.

सत्तरीचो, राग कसला. तुम्हीच चला. भाचा एप्रिलमध्ये घरी येतोय, त्याला सुर्ल्याच्या सड्यावर न्यायचे आहे. परवानगीचा अर्ज मी करतो, वाटाड्या तुम्ही. त्याने मला तिथे अंतर मोजायला शिकवले, आता त्याला कारवीच्या रानात चार हातांपलीकडचे दिसत नसताना चालू दे. पहाटे साडेपाचला साखळी बसस्थानक, पाणी माणशी चार लिटर. मेधाताई, मागे फिरायची वेळ तुम्ही ठरवा आणि घड्याळही तुमच्याच हातात.

---

मेधा_मडगाव

साडेनऊ. आणि वहिनींना मी स्वतः फोन करणार आहे.